नववीतली पोरगी, नाटकाची तालीम आणि पाचची बस

पत्र

ताई, सादर नमस्कार. आम्ही सिंदेवाही तालुक्यातल्या लहानशा गावचे. दोन एकर धानाची शेती आहे, बाकी मजुरी. माझी मोठी मुलगी नववीत आहे. शाळा सहा किलोमीटरवर, मानव विकासच्या, म्हणजे शाळकरी मुलींसाठीच्या सरकारी बसनं जाते-येते. यंदा शाळेत मराठीला नवीन सर आले. त्यांनी मुलामुलींचं नाटक बसवायला घेतलं आणि माझ्या मुलीला सरपंचाचं काम दिलं. पोरगी चुलीजवळ बसून संवाद म्हणते, लहान भावाला ग्रामसेवक करते. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पण तिचे बाबा म्हणतात, नाटक ही पाहायची गोष्ट आहे, आपल्या पोरीनं करायची नाही. जाऊबाई म्हणतात, आज सरपंच झाली, उद्या नाटक कंपनीत नाचायला जाईल. गणितात मार्क कमी पडले, ते घरात सारखं काढतात. तालीम शाळा सुटल्यावर असते, त्यात पाचची बस चुकते. मागच्या आठवड्यात ती कोणाच्या तरी मोटारसायकलवर अंधारात घरी आली. आमच्या रस्त्यानं वाघाचं भेव आहे. सर तिला आपली बोली सोडून पुस्तकातलं बोल म्हणतात, त्यानंही ती हिरमुसते.

पुढल्या वर्षी दहावी. पोरगी म्हणते, मला नाटकाचंच शिक्षण घ्यायचं आहे, अकरावीला तसं कॉलेज पाहा. चार दिवसांपासून बाबांशी बोलत नाही. माझे सासरे तरुणपणी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, लुगडं नेसून काम करायचे, पण ते या विषयावर काहीच बोलत नाहीत, नुसते ऐकतात. माझं शिक्षण आठवीपर्यंत. नाटकानं अभ्यास बुडतो का? नाटकाचं खरंच शिक्षण असते का, त्यात पोट भरते का? आणि मुलीच्या जातीनं हे करावं का?

— एक आई, जिल्हा चंद्रपूर

उत्तर

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. मुलीला हे नाटक करू द्या. दहावीच्या वर्षातही ते सुरुवातीपासून बंद करू नका, दिवाळीनंतर कमी करा आणि जानेवारीपासून थांबवा. अकरावीला नाटकाचं कॉलेज शोधायची धावपळ आत्ता नको. आणि ती मोटारसायकल मात्र आजच बंद करा. तुमच्या पत्रात मला घाबरवणारी गोष्ट एवढी एकच दिसली, आणि ती तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढं गेलात.

म्हणून तिथूनच सुरुवात करू. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यानं येणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. नववीतल्या मुलीनं त्या रस्त्यानं, त्या वेळेला, कोणाच्या तरी गाडीवर यायचं नाही. गाडी सरांची असो, नात्यातल्या कोणाची असो की वर्गातल्या मुलाच्या भावाची असो. यात सरांच्या चारित्र्यावर शंका घेण्याचा प्रश्न नाही. भला माणूससुद्धा अंधारात, एकट्या मुलीला, वाघाच्या रस्त्यानं नेताना काय करू शकणार? तुम्ही आणि शाळेत येणाऱ्या मुलींच्या आणखी दोन-तीन आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि एकच मागणी करा: तालीम पाचच्या बसच्या आत संपली पाहिजे. मधली सुट्टी आहे, शनिवारची अर्धी शाळा आहे, कला आणि खेळाचे तास आहेत. नाटक बसवणाऱ्या माणसाला वेळ शोधता येतो, फक्त तो कोणीतरी मागावा लागतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हाचा माझा अनुभव आहे की आया एकत्र येऊन बोलल्या की वेळापत्रक बदलतं, एकटी आई आली की तिला समजूत घालून परत पाठवलं जातं.

त्याच भेटीत आणखी थोडं विचारून घ्या. तालीम कुठं होते? ती मैदानात, व्हरांड्यात किंवा दार उघड्या असलेल्या वर्गात व्हावी. तालमीच्या वेळी शाळेतल्या एखाद्या बाई हजर असतात का? स्पर्धेसाठी बाहेरगावी मुक्काम पडला तर मुलींसोबत बाई जातील का, झोपायची सोय वेगळी आहे का? मुलींचे व्हिडिओ कोण काढतं आणि ते कुठं टाकले जातात? हे विचारताना ओशाळू नका. चांगले शिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट त्यांचं ओझं हलकं होतं. एखाद्या शिक्षकाला हे प्रश्नच नको असतील तर मात्र मुलीला तिथं पाठवू नका, मग नाटक कितीही चांगलं असो. मुलीलाही सांगून ठेवा की काही खटकलं तर आधी आईला सांगायचं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक तिला पाठ असू द्या.

आता तिच्या बाबांचं. ते म्हणतात नाटक ही पाहायची गोष्ट आहे. तुमच्या भागातल्या माणसाला नाटकाचा तिटकारा असणं शक्यच नाही, हे मला माहीत आहे. दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत चालतो. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, आणि ज्या घरात एरवी वर्तमानपत्र येत नाही त्या घरातली माणसं हुंडा, दारू, कर्ज, अंधश्रद्धा यांवरची नाटकं अंगावर चादर घेऊन रात्रभर बघतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेनं आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत जे उभं राहिलं आहे त्याला झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात आणि तिची दखल दिल्लीपर्यंत घेतली गेली. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

मग बाबांना भीती कशाची आहे? कंपनीत काम करणाऱ्या बायकांबद्दल लोक जे बोलतात त्याची. ती बोलणी आपल्या पोरीच्या वाट्याला येऊ नयेत, एवढंच त्यांच्या मनात आहे. बापाच्या काळजाला असं वाटणं मी समजू शकते. पण जाऊबाईंना माझ्याकडून एक सांगा. कंपनीतली बाई रात्रभर उभी राहून काम करते, पहाटे गाडीत बसल्या बसल्या झोपते, दुपारी दुसऱ्या गावात उतरून पुन्हा तोंडाला रंग लावते, आणि त्या पैशावर घर चालवते, मुलं शिकवते. तिच्या कामाला नावं ठेवणारे तिचंच नाटक पाहायला तिकीट काढून बसलेले असतात. तिच्या कामात कमीपणा नाही. कमीपणा असेल तर तो आपल्या बोलण्यात आहे. हे मी मनापासून सांगते, कारण अशा बोलण्यामुळेच चांगल्या घरच्या, चांगल्या आवाजाच्या, हुशार पोरी स्टेजपासून लांब राहिल्या आणि झाडीपट्टीचं नुकसान झालं.

आणि शाळेचं नाटक ही वेगळी गोष्ट आहे. तिथं तिकीट नाही, करार नाही, रात्रीचा प्रवास नाही. शाळेतलं नाटक कंपनीकडं नेणारा रस्ता आहे हे समजणं म्हणजे शाळेत कबड्डी खेळणारी प्रत्येक मुलगी भारताच्या संघात जाईल असं समजणं.

तुमच्या मुलीला कोणतं काम मिळालं आहे ते पाहा ना. सरपंचाचं! महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तुमच्या आसपासच्या गावांत कितीतरी बाया सरपंच आहेत, आणि त्यातल्या काहींच्या खुर्चीत नवरा बसतो, ग्रामसभेत दीर बोलतो, बाई सही करते. का? तिला चारचौघांत उभं राहून बोलायची सवय कधी लागलीच नाही म्हणून. तुमची पोरगी चौदाव्या-पंधराव्या वर्षी ग्रामसेवकाला जाब विचारायची तालीम करते आहे. आवाज न चढवता शेवटच्या माणसापर्यंत कसा पोचवायचा, समोरचा टाळाटाळ करतो तेव्हा गप्प राहून त्याच्याकडं कसं बघायचं, एखादा शब्द विसरला तर न रडता पुढं कसं जायचं, हे ती शिकते आहे. मुलीच्या जातीनं हे करावं का, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, मुलीच्या जातीला याची गरज मुलांपेक्षा जास्त आहे.

आता अभ्यास. नाटकानं गणित सुधारत नाही. कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. गणिताला गणितच करावं लागतं. तिचा तपासलेला पेपर घेऊन गणिताच्या शिक्षकांकडं जा आणि चुका नेमक्या कुठं झाल्या ते विचारा. बहुतेक वेळा पाया सातवी-आठवीत कच्चा राहिलेला असतो: अपूर्णांक, वजाबाकीची चिन्हं, समीकरण मांडणं. रोज सकाळी अर्धा तास फक्त तेवढंच करायचं. ती करते आहे की नाही हे पाहायला तुम्हाला गणित यायची गरज नाही, वहीत तारीख घालून सोडवलेली उदाहरणं दिसली पाहिजेत, बस.

एक पथ्य पाळा. नाटक काढून घेण्याची धमकी देऊ नका. "मार्क आले नाहीत तर नाटक बंद" असं घराघरात म्हणतात आणि त्यात दोन चुका होतात. पोरीला वाटतं नाटक म्हणजे चैन, आणि गणित म्हणजे त्या चैनीचा दंड. दुसरी चूक जास्त मोठी आहे. नाटक तिचं एकटीचं नसतं. पंधरा-वीस पोरं महिनाभर एकमेकांच्या भरवशावर उभी असतात. ऐनवेळी सरपंच काढून घेतली तर शिक्षा त्या सगळ्यांना होते, आणि आपली मुलगी शिकते की दिलेला शब्द मोडला तरी चालतो. तेव्हा हे नाटक एकदा हो म्हटलं की प्रयोगापर्यंत हो. पुढचं घ्यायचं की नाही, ते प्रयोगानंतर बसून ठरवा.

भाषेच्या विषयांना मात्र नाटकाचा थेट उपयोग होतो. दहावीला मराठीचा पेपर ८० गुणांचा असतो आणि २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे, ज्यात ऐकणं-बोलणं येतं. शिवाय पेपरात उपयोजित लेखन असतं: पत्र, बातमी, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन. जी मुलगी महिनाभर 'हा माणूस असं का बोलला असेल' याचा विचार करते तिला आत्मकथन लिहायला शिकवावं लागत नाही.

यासाठी तिला एक वेगळी वही द्या, शंभर पानी, साधी. तालीम झाली की बसमध्ये किंवा घरी आल्यावर त्यात अर्धं पान लिहायचं. आज कोणता प्रवेश झाला, त्यात सरपंचाला काय हवं आहे, ग्रामसेवक काय लपवतो आहे, माझं कोणतं वाक्य खोटं वाटलं, टेबलावर काय काय वस्तू लागतील, कोण कुठून येतो. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या आसपास जी शालान्त परीक्षा होते तिच्यात नाटक हा स्वतंत्र विषय निवडता येतो. तिथली मुलं गटानं स्वतःचं नाटक तयार करतात आणि ते कसं घडत गेलं याची नोंदवही ठेवतात, तिलाही गुण असतात. छापील नाटकातले प्रवेश करून दाखवतात. आणि लेखी पेपरात, प्रत्यक्ष पाहिलेल्या एखाद्या प्रयोगाबद्दल लिहितात: दिव्यांचा उपयोग कसा केला होता, नटानं तो क्षण कसा पेलला. एका परीक्षा मंडळात तर एकूण गुणांपैकी ४० टक्के लेखी पेपरालाच आहेत. म्हणजे नाटकाचं शिक्षण असते का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे, आणि त्यात वाचणं, लिहिणं, बारकाईनं पाहणं हे अभिनयाइतकंच असतं.

आपल्याकडं दहावीपर्यंत नाटक हा गुणांचा स्वतंत्र विषय नाही. नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' नावाचा श्रेणीचा विषय आहे, त्यात नाट्यकलाही येते. पण बऱ्याच शाळांत तो तास गणित-विज्ञानाच्या उजळणीला जातो. तुमच्या सरांनी तो तास नाटकाला वापरला तर पाचच्या बसचा अर्धा प्रश्न तिथंच सुटेल. मुख्याध्यापकांशी बोलताना याचं नाव घ्या.

प्रयोग पाहण्याच्या बाबतीत तर तुमची मुलगी शहरातल्या मुलांपेक्षा नशीबवान आहे. मंडईत नाटक लागेल तेव्हा तिला एक रात्र बाबांसोबत बसवा, आणि सकाळी वहीत लिहायला सांगा. पडदे कसे बदलले? गाणं आलं तेव्हा गोष्ट पुढं गेली की थांबली? कोणत्या नटाचा आवाज माईक नसता तरी पोचला असता? मागच्या बाकावरच्या बायका कुठं रडल्या? असं पाहायला शिकली की ती नाटक 'बघते' याच्या पुढं जाईल.

तिच्या बोलीबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण पोरी इथंच मिटतात. सरांचा हेतू वाईट नसेल. परीक्षेत, सूत्रसंचालनात, मुलाखतीत प्रमाण मराठी यायला हवी, आणि ती शिकवणं हे त्यांचं कामच आहे. पण सिंदेवाहीकडच्या गावची सरपंच ग्रामसभेत पुस्तकासारखी बोलली तर पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं ओळखतील की हे खरं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याला जन्मलेले महेश एलकुंचवार यांनी 'वाडा चिरेबंदी'त विदर्भातलं घर उभं केलं ते तिथल्या माणसांच्या बोलण्यासकट, आणि ते नाटक मराठीतल्या मोठ्या नाटकांत गणलं जातं. तुमच्या शेजारच्या छत्तीसगडात दिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी 'नाचा' हे तिथलं लोकनाट्य करणारे खेड्यातले कलावंत घेतले, त्यांना त्यांच्या छत्तीसगडीतच बोलू दिलं. त्यातल्या कित्येकांचं शाळेत जाणंही झालं नव्हतं. त्यांच्या 'चरणदास चोर'ला १९८२ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात पारितोषिक मिळालं. समोरच्यांना भाषा येत नव्हती, तरी माणसं खरी आहेत हे कळत होतं.

म्हणून सरांना आदरानं विचारायचं, नाटकात माझं पात्र आपल्या झाडीबोलीत बोललं तर चालेल का, आणि सुरुवातीचं निवेदन मी प्रमाण मराठीत करते. दोन्ही बोलता येणं ही जास्त कमाई आहे. हे तुमच्या मुलीनंच विचारावं, तुम्ही नाही. सरपंचाचं काम करते तर एवढं तिला जमलं पाहिजे.

आणि बोली तिला कोणाकडून शिकायची आहे? सासरे आहेत ना घरात! ज्या माणसानं दंडारीत लुगडं नेसून काम केलं त्याला माहीत आहे की बाईचं चालणं, बसणं, पदर सावरणं दुसऱ्याच्या अंगात कसं आणायचं. दंडारीत पुरुषच बायकांची कामं करत, तेव्हा बाईला स्टेजवर जागा नव्हती. आज त्यांची नात पुढारी बाईचं काम करते आहे. ते गप्प आहेत याचा अर्थ विरोध आहे असा घेऊ नका. मुलगा आणि सून यांच्या वादात पडायचं नाही म्हणून म्हातारी माणसं गप्प राहतात. संध्याकाळी मुलीला त्यांच्याजवळ बसवा आणि दंडारीतली गाणी, सोंगं, पायाचा ठेका विचारायला सांगा. ते सांगतील ते तिनं त्याच वहीत उतरवून ठेवावं. ही माणसं गेल्यावर ते कुठंच मिळणार नाही.

दहावीचं वर्ष. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. त्याआधीचे तीन महिने म्हणजे तुमच्याकडं नेमका नाटकांचा, मंडईचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा हंगाम. तेव्हा जूनपासून दिवाळीपर्यंत तिनं मोठं काम घेतलं तरी हरकत नाही. दिवाळीनंतर पाठांतर लागेल असं काम नको, हवं तर आठवड्यातून एकदा नववीच्या मुलांचे संवाद ऐकावेत, वेशभूषेच्या यादीला मदत करावी. जानेवारीपासून पूर्ण सुट्टी. हे आत्ताच तिच्याशी बोलून कागदावर लिहा आणि तिची सही घ्या, म्हणजे त्या वेळी रडारड नको.

आणखी एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. दहावीतल्या मुलींचा अभ्यास शाळेच्या नाटकानं जेवढा बुडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या स्वयंपाकानं, भांड्यांनी आणि पाण्यानं बुडतो. मुलगा त्या वेळी पुस्तक घेऊन आजोबांच्या खाटेवर बसू शकतो, मुलीला हाक पडते. पुढच्या वर्षी तिच्या नाटकाचे दोन तास वाचवण्याआधी चुलीजवळचे तीन तास वाचवा. जाऊबाईंची मदत तिथं मागा.

दहावीला शास्त्रीय कला, लोककला, नाट्य यांत ठरलेल्या स्तरावर भाग घेतलेल्या मुलांना वाढीव गुणांची तरतूद आहे. तो प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडं जातो. कोणत्या प्रमाणपत्राला किती गुण, याचा चालू वर्षाचा नियम मुख्याध्यापकांकडून वाचून घ्या. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी बालनाट्य स्पर्धा घेतं, तिच्यात शाळेनं उतरावं का, हेही सरांशी बोलता येईल. पण गुणांसाठी नाटक करायला लावू नका. तसं केलेलं नाटक बघणाऱ्यालाही कळतं.

पोट भरतं का? सरळ सांगते. फक्त अभिनयावर बाराही महिने घर चालवणारी माणसं थोडी. झाडीपट्टीतलेही बरेच कलावंत हंगामात नाटक आणि पावसाळ्यात शेती करतात. पण नाटकात अभिनयाशिवाय पुष्कळ कामं असतात: नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा, संगीत, लेखन. नाटक शिकलेली माणसं शाळांत, आकाशवाणीवर, सामाजिक संस्थांत, मालिकांच्या लेखनात काम करतात. यातलं आपल्या मुलीला काय जमेल, हे तिला नववीत कळणार नाही, आणि कळायची घाईही नाही.

म्हणूनच अकरावीला नाटकाचं कॉलेज शोधू नका म्हणते. जवळचं, बस मिळेल असं, चांगलं शिकवणारं कॉलेज बघा, शाखा तिच्या गुणांप्रमाणं आणि आवडीप्रमाणं. नाटकाचं पुढचं शिक्षण खरं सुरू होतं ते बारावीनंतर. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकाची पदवी करता येते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात प्रदर्शनकारी कलांचा विभाग आहे. आणि तुमच्याकडून फार लांब नाही असं, गोंदियाच्या पलीकडं छत्तीसगडमध्ये, खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, १९५६ सालचं, पूर्णपणे कलांना वाहिलेलं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं, तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम देशात सगळ्यांत नावाजलेला. तिथं प्रवेशाला आधी कोणत्याही विषयातली पदवी लागते, आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. हे तुमच्या मुलीला नक्की सांगा. देशातल्या सगळ्यांत मोठ्या नाट्यशाळेलाच तिची दहावी, बारावी आणि पदवी हवी आहे. बाबांनाही सांगा, कारण त्यांना वाटतं आहे की पोरगी आजच शाळा सोडून निघाली.

राहिला बापलेकीचा अबोला. त्यात मी तुमच्या मुलीच्या बाजूनं नाही. चार दिवस बापाशी न बोलणं हा काही वाद घालायचा मार्ग नव्हे. जी पोरगी स्टेजवर शंभर माणसांसमोर बोलणार तिनं बापासमोर उभं राहून बोलावं. काय बोलायचं ते तुम्ही तिच्याकडून तयार करून घ्या: तालीम पाचच्या आत, गणिताची वही रोज, दहावीला दिवाळीनंतर कमी आणि जानेवारीपासून बंद. तिन्ही गोष्टी तिनं स्वतः सांगाव्यात. मग बाबांना विचारावं, माझे संवाद पाठ झाले का ते ऐकता का? ग्रामसेवकाचं काम लहान भावाऐवजी बाबांना द्या. वही हातात धरून वाचलं तरी पुरे.

आणि प्रयोगाची वाट न बघता त्यांना एखाद्या शनिवारी तालमीला घेऊन जा. प्रयोगाच्या दिवशी दिवे असतात, टाळ्या असतात, रंग लावलेली पोरगी बापाला परकी वाटते. तालमीत ती शाळेच्या गणवेशात असेल, पंधरा वेळा एकच वाक्य म्हणत असेल, सर चूक काढत असतील आणि ती पुन्हा करत असेल. तुमचे यजमान शेतकरी आहेत, राबणं कशाला म्हणतात ते त्यांना कळतं. मुख्याध्यापकांकडं आया जाणार आहात तो दिवस आणि तालमीचा शनिवार एकच ठेवा, म्हणजे त्यांची मजुरी दोनदा बुडणार नाही.